फिलाडेल्फियाचे चीजस्टेक, घरच्या तव्यावर

दक्षिण फिलाडेल्फियात नववा रस्ता आणि पॅशंक अव्हेन्यू जिथे एकमेकांना छेदतात, तिथे दोन दुकाने समोरासमोर आहेत. एक पॅट्स, दुसरे जीनोज. खिडकीशी रांग लावायची, पैसे द्यायचे आणि कागदात गुंडाळलेले गरम सँडविच घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचे, नाही तर उभ्यानेच खायचे. मागताना दोनच गोष्टी सांगायच्या: चीज कोणते आणि कांदा हवा की नको. ‘व्हिझ विट’ म्हटले की चीज व्हिझ हे पातळ, ओतता येणारे चीज आणि कांदा, ‘व्हिझ विटाउट’ म्हटले की कांद्याशिवाय. ‘विथ’चा ‘विट’ झाला तो तिथल्या बोलीत. ‘रॉकी’ या 1976 सालच्या चित्रपटातला एक प्रसंग पॅट्सच्याच दारात चित्रित झाला आहे.

पॅट ऑलिव्हिएरी आणि त्याचा भाऊ हॅरी या भागातल्या इटालियन बाजाराजवळ हॉटडॉग विकत. 1930 साली पॅटने एक दिवस स्वतःच्या जेवणासाठी खाटकाकडून थोडे गोमांस आणले, हॉटडॉगच्याच तव्यावर कांद्याबरोबर परतले आणि लांबट इटालियन पावात भरले. वास येताच एक टॅक्सीवाला थांबला आणि त्याने तेच मागितले, अशी या सँडविचची जन्मकथा सांगितली जाते. त्यात चीज नव्हते. ते पुष्कळ वर्षांनी, दुकानाच्याच एका व्यवस्थापकाच्या हातून आले, आणि तेही प्रोव्होलोन. क्राफ्ट कंपनीचे चीज व्हिझ अमेरिकेच्या बाजारात सर्वत्र मिळू लागले ते 1953 साली. समोरचे जीनोज 1966 सालचे.

घरी चीजस्टेक करणाऱ्याला या कथेतली एकच गोष्ट फार उपयोगाची आहे. हे एका माणसाचे जेवण होते, एका तव्यावर, एका वेळी केलेले. घरोघरी हे सँडविच बिघडते ते बहुधा ही गोष्ट विसरल्यामुळे. चार जणांचे अर्धा-पाऊण किलो मांस एकदम कढईत पडते, तिचा ताप क्षणात उतरतो, मांसाला पाणी सुटते आणि मग ते त्या पाण्यातच शिजत राहते. रंग करडा, चव उकडल्यासारखी. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, आणि मांसावर तपकिरी, खमंग थर धरायला त्याचा पृष्ठभाग साधारण 140 अंशांपर्यंत तापावा लागतो. पाणी आटेपर्यंत हे होत नाही, आणि ते आटेपर्यंत पातळ कापांचे चामडे झालेले असते. दुकानदाराला दहा सँडविचे एकदम करता येतात, कारण त्याच्याकडे जाड पोलादाचा, हातभर लांबीचा आणि खालून सतत तापणारा तवा असतो. घरच्या शेगडीवर तो ताप मिळत नाही. म्हणून एका वेळी एकच सँडविच करावे, तवा मोठा असेल तर फार तर दोन.

‘स्टेक’ या शब्दाने आणखी एक गैरसमज होतो. स्टेक म्हणजे बोटभर जाडीचा, आतून गुलाबी ठेवलेला तुकडा अशी कल्पना असते, आणि मग तो भाजून, कापून पावात घातला जातो. घास घेतला की तुकडा दातांबरोबर अख्खा बाहेर येतो. चीजस्टेकमधले मांस कागदासारखे पातळ असते आणि ते कच्चे असतानाच कापलेले असते. पाककौशल्य थोडे आणि सुरीकाम जास्त, असा हा पदार्थ आहे.

फिलाडेल्फियात बहुतेक ठिकाणी रिबआय वापरतात. बरगड्यांच्या भागातले हे मांस मऊ असते आणि त्यात चरबीच्या बारीक रेषा पसरलेल्या असतात. ती चरबी तव्यावर वितळते आणि मांस तिच्यातच परतले जाते. एका सँडविचला 150 ते 170 ग्रॅम कच्चे मांस पुरते. अमेरिकेतल्या मराठी घरांना, विशेषतः डेलावेअर नदीपलीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्यांना, सुरीकाम टाळताही येते. त्या भागातल्या बऱ्याच सुपरमार्केटांत ‘शेव्ह्ड स्टेक’ या नावाने पातळ काप तयार मिळतात, आणि कोरियन किराणा दुकानांत बुल्गोगीसाठी कापलेले रिबआय असते. हे दुसरे जास्त चांगले, कारण त्यात चरबी शाबूत असते.

महाराष्ट्रात प्रश्न वेगळा आहे. मार्च 2015 पासून इथे गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही, आणि इथे चीजस्टेक करायचे तर तेच घ्यावे लागते. खाटकाकडे ‘अंडरकट’ मागावे. मुंबईपासून गोव्यापर्यंत पाठीच्या कण्याखालच्या त्या लांबट, मऊ तुकड्याला हेच नाव आहे. जनावराच्या या स्नायूला काम कमी पडते, म्हणून तो मऊ राहतो. मात्र त्यात रिबआयसारखी चरबी नसते. ती उणीव तव्यावर एक चमचा तेल आणि वर अर्धा चमचा लोणी घालून भरून काढावी लागते, नाही तर काप कोरडे पडतात.

अंडरकट मिळाले नाही आणि मांडीचे मांस हाती आले, तर ते आधी नरम करायला हवे. कच्च्या पपईचा उपाय आपल्याकडे सर्वांना माहीत आहे, पण इथे तो जपून वापरावा. मोठ्या तुकड्यांना लागते तेवढी पपई पातळ कापांना लावली तर त्यांचा लगदा होतो. चिनी स्वयंपाकातली खाण्याच्या सोड्याची रीत त्यापेक्षा हाताशी राहते. 300 ग्रॅम कापांना पाव चमचा सोडा चोळून पंधरा मिनिटे ठेवावे, मग भरपूर पाण्यात धुऊन फडक्यावर अगदी कोरडे करावे. कोरडे करण्यात कसूर नको. मघाशी सांगितलेला पाण्याचा त्रास इथूनच सुरू होतो.

आता कापणे. ताजे मांस सुरीखाली सरकते, दबते आणि कधीच एकसारखे पातळ कापले जात नाही. म्हणून तुकडा वरची पांढरी चामट पापुद्री काढून फ्रीझरमध्ये ठेवावा. जाडीप्रमाणे पाऊण ते दीड तास लागतो. बाहेरून कडक व्हावा, पण सुरी जोर न लावता आत शिरावी, इतपत. दगड झाला असेल तर दहा मिनिटे बाहेर ठेवावा. मग मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते नीट पाहून त्यांच्या आडवे कापावे. धाग्यांच्या दिशेने कापलेल्या कापात लांबच लांब दोऱ्या राहतात आणि त्या दाताने तुटत नाहीत. आडवे कापले की प्रत्येक धाग्याची लांबी कापाच्या जाडीइतकीच उरते. ती जाडी दोन ते तीन मिलिमीटर असावी. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी, त्याहून जास्त नाही. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने हे काम करू नये, कडक मांसावरून ती घसरते आणि हात कापतो.

कापलेले मांस दीडशे-दीडशे ग्रॅमच्या वाट्यांत विभागून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीजमध्ये ठेवावे. मीठ अजून लावू नये. पातळ कापांना आधी मीठ लावले तर ते तव्यावर जाण्यापूर्वीच ओले होतात.

पावाबद्दल फिलाडेल्फियाचे लोक मांसाइतकेच काटेकोर असतात. तिथे अमोरोसो ही 1904 सालची बेकरी आणि सारकोनी ही 1918 सालची, ही नावे चीजस्टेकच्या चर्चेत हमखास येतात. हा रोल वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांब असतो. वरचे कवच पातळ, आतला भाग मऊ पण चिवट. मांसाचा रस तो शोषतो आणि तरी फाटत नाही. भारतात याला तंतोतंत पर्याय नाही, म्हणून काय टाळावे ते आधी पाहावे. लादी पाव रसाने विरघळतो. इराण्याकडचा ब्रून पाव चहात बुडवायला उत्तम, पण त्याचे कडक कवच चावताना आतले सगळे सारण मागच्या बाजूने बाहेर ढकलले जाते. बागेटचेही तेच होते. बेकरीतले हॉटडॉग रोल आकाराने बरोबर असतात, पण ते पुष्कळदा गोड असतात. विकत घेण्यापूर्वी बेकरीवाल्याला विचारून साखर कमी असलेला, फूटलाँग नावाने मिळणारा रोल घ्यावा. गोव्यात पोदेराकडचा ताजा उंडो मिळत असेल तर आकार गोल असूनही तो या कामाला चांगला. आदल्या दिवशीचा मात्र नको.

रोल पूर्ण दोन भागांत कापू नये. एका बाजूने चीर द्यावी आणि दुसरी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवावी. मऊ भारतीय रोलला आतून पुसटसे लोणी लावून तव्यावर सोनेरी करून घ्यावे. भाजलेला हा पातळ थर रस थोपवतो. फिलाडेल्फियाच्या अस्सल रोलला याची गरज नसते.

चीजचा वाद तिथे घरोघरी चालतो. प्रोव्होलोन, अमेरिकन आणि व्हिझ हे तीन मुख्य पर्याय. 2003 साली राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक जॉन केरी पॅट्समध्ये गेले आणि त्यांनी स्विस चीज मागितले. त्याची बातमी देशभर झाली आणि अजूनही ती आठवण काढली जाते. चवीचा भाग ज्याचा त्याचा, पण या सँडविचात चीजचे काम काय हे समजले की निवड सोपी होते. चीजने मांसाचे तुकडे एकत्र धरून ठेवायचे असतात. ते वितळून कापांच्या मध्ये उतरायला हवे आणि तेल न सोडता मऊ राहायला हवे.

जुने, मुरलेले चेडार चवीला सुंदर असते, पण गरम झाले की त्याचे तूप वेगळे आणि चोथा वेगळा होतो. चीजमधली प्रथिने कॅल्शियमने एकमेकांना घट्ट बांधलेली असतात आणि ती जास्त तापली की आवळून चरबी बाहेर पिळतात. स्वित्झर्लंडमध्ये 1911 साली वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी चीजमध्ये सायट्रेट क्षार मिसळून यावर उपाय काढला. हे क्षार कॅल्शियमला आपल्याकडे ओढतात, प्रथिने सैल होतात आणि चरबी व पाणी दोन्ही धरून ठेवतात. प्रोसेस्ड चीज म्हणतात ते हेच. त्यामुळे भारतात जागोजागी मिळणाऱ्या अमूलसारख्या प्रोसेस्ड चीजच्या चकत्या इथे कमअस्सल समजण्याचे कारण नाही. वितळण्याच्या बाबतीत त्या अमेरिकन चीजच्याच कुळातल्या आहेत. एक चकती साधारण 20 ग्रॅमची, एका सँडविचला दोन किंवा तीन पुरतात. चकत्या खारट असतात, म्हणून मांसात मीठ त्या बेताने घालावे. मोझरेला मात्र टाळावे. पिझ्झावर त्याच्या तारा छान दिसतात, पण इथे पहिल्याच घासाला ती तार अर्धे सारण ओढून आणते.

व्हिझसारखे ओतता येणारे चीज घरीही होते. 80 मिलिलिटर दूध मंद आचेवर कोमट करावे, त्यात प्रोसेस्ड चीजच्या दोन चकत्या विरघळू द्याव्यात आणि मग 80 ते 100 ग्रॅम किसलेले चेडार मूठमूठ टाकत ढवळावे. चकत्यांमधले क्षार चेडारलाही फुटू देत नाहीत. चिमूटभर मोहरीची पूड आणि थोडे लाल तिखट घातले की झाले. उकळी येऊ देऊ नये. एवढ्यात तीन-चार सँडविचे होतात.

कांदा सर्वांत आधी करून ठेवावा. माणशी अर्धा मध्यम कांदा बारीक चौकोनी चिरून, थोड्या तेलात, मध्यम-मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे परतावा. मऊ आणि फिकट सोनेरी झाला की पुरे. बिर्याणीसारखा कुरकुरीत तपकिरी करायचा नाही, कारण त्याचा गोडवा आणि ओलावा दोन्ही हवे असतात. ढोबळी मिरची अमेरिकेत इतरत्र सर्रास घालतात. फिलाडेल्फियात ती मागितली तरच मिळते, कधी मिळतही नाही. ज्यांना आवडते त्यांनी ती कांद्याबरोबरच परतावी.

तवा सपाट आणि जड हवा. बिडाचा डोशाचा तवा या कामाला सर्वांत चांगला, त्याच्याकडे ताप साठवण्याची ताकद असते. पोळीचा खोलगट तवा नको, रस मध्ये साचतो. नॉनस्टिक भांडे इतक्या मोठ्या आचेवर ठेवू नये. खिडकी उघडावी, एक्झॉस्ट लावावा, आणि मांस सोडून बाकी सारे हाताशी मांडावे: कांदा, चीज, चिरलेला रोल, मीठ, मिरपूड, दोन उलथणी. एकदा मांस तव्यावर पडले की तीन-चार मिनिटांत सगळे संपते, तेव्हा चीजचे पाकीट फोडायला वेळ नसतो.

तवा मोठ्या आचेवर चार मिनिटे तापवावा. एक चमचा तेल सोडावे. तेलातून धुराची बारीक रेघ निघाली की एका वाट्याचे काप एकाच थरात पसरावेत आणि पाऊण ते एक मिनिट त्यांना हात लावू नये. सतत हलवण्याचा मोह इथे आवरायला हवा, खालची बाजू याच मिनिटात खमंग होते. मग उलटावेत, पाव चमचा मीठ आणि ताजी मिरपूड टाकावी. जीनोजमध्ये काप अखंड ठेवतात, साउथ स्ट्रीटवरच्या जिम्समध्ये तव्यावरच उलथण्याने बारीक तोडतात. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने तोडलेले करावे, कारण कापांची जाडी थोडी चुकली तरी ते खपून जाते. मांसाचा लालपणा गेला की कांदा त्यात मिसळावा आणि सगळे गोळा करून रोलच्या लांबीची एक पट्टी करावी. आता आच मंद. वर चीजच्या चकत्या ठेवाव्यात आणि त्यावर उघडलेला रोल पालथा घालावा.

हा पालथा रोल झाकणाचे काम करतो. खालची वाफ त्याच्यात अडकते, चीज वितळते, पाव आतून गरम आणि लवचिक होतो. अर्धा मिनिट पुरते. मग लांब उलथणे मांसाच्या खाली पूर्ण सरकवायचे, दुसरा हात रोलवर ठेवायचा आणि एका झटक्यात उलटायचे. सारण आपोआप पावात बसते. घरी केलेले पातळ चीज वापरायचे असेल तर ते चकत्यांऐवजी पावाच्या आतून पसरावे. सँडविच लगेच बटर पेपरात घट्ट गुंडाळून दीड-दोन मिनिटे ठेवावे. दुकानातला कागद नुसता हातात देण्यासाठी नसतो. त्या दोन मिनिटांत पाव, चीज आणि रस एकजीव होतात. पाच-सात मिनिटे ठेवले तर मात्र तळ भिजतो. पुढच्या सँडविचआधी तवा उलथण्याने खरवडून पुन्हा कडक तापवावा.

पाहुणे असतील तेव्हा सर्व सँडविचे करून चपात्यांसारखी कॅसरोलमध्ये भरून ठेवण्याची इच्छा होते. तसे करू नये. तयारी आधी करून ठेवावी आणि तव्यावरून उतरेल तसे एकेकाला द्यावे. एकाला पाच मिनिटे धरली तरी सहा जणांचे अर्ध्या तासात होते, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याभोवती उभे राहून खायला हा पदार्थ फारच शोभतो. फिलाडेल्फियात लोक खाताना पुढे वाकतात, म्हणजे ओघळणारे तूप कपड्यांवर न पडता खाली पडते. पाहुण्यांनाही हे आधी सांगावे.

गोमांस किंवा म्हशीचे मांस न खाणाऱ्यांनी चिकन घ्यावे. चिकन चीजस्टेक फिलाडेल्फियातच रुळलेले आहे. छातीपेक्षा बिनहाडाची तंगडी चांगली, ती कोरडी पडत नाही. तीही अर्धवट गोठवून कापावी, पण तव्यावर पाच-सहा मिनिटे द्यावीत. कोंबडी आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत शिजलीच पाहिजे, गुलाबी ठेवणे धोक्याचे. शाकाहारी घरात बटण मशरूमचे जाड काप मोठ्या आचेवर त्यांचे पाणी पूर्ण आटून कडा तपकिरी होईपर्यंत परतावेत. मीठ अगदी शेवटी. 200 ग्रॅम मशरूम आटून एका सँडविचपुरते राहतात. पनीर इथे चालत नाही, ते रस सोडत नाही आणि चीजखाली वेगळेच पडून राहते.

उरलेले सारण पावात भरून ठेवू नये. दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवले तर तीन दिवस चांगले राहते. तव्यावर चमचाभर पाणी शिंपडून झाकण घालून गरम करावे आणि चीज त्या वेळी नव्याने घालावे. कच्चे काप उरले तर वाटेच्या वाटे पिशवीत सपाट करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. इतके पातळ काप बाहेर काढून पंधरा मिनिटांत सुटे होतात. ते फडक्याने टिपून घेतले आणि तवा तापलेला असला की ऑफिसातून उशिरा घरी आलेल्या माणसालाही दहा मिनिटांत गरम सँडविच मिळते.